फटफटीची मागची गादी

गडचिरोली, जिल्हा चांदा
ता. १४ जुलै १९५७

ती. आत्याबाई, सून प्रेमिला पोस्टानेच तुमच्या पायांवर डोके ठेवते. इकडे मार्कंडेश्वराच्या कृपेने सर्व ठीक आहे, म्हणजे तुम्ही इथे नाहीत तेवढे सोडून.

हे पत्र तुमचे जावई उमाजीभाऊजी वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. भाऊजी, विनंती अशी की पत्र आधी मनात वाचावे, मग मोठ्याने वाचावे, आणि कंसातले मुळीच वाचू नये. मागचे पत्र तुम्ही ओसरीवर बसून वाचलेत. त्यामुळे आत्याबाईंच्या कमरेला कोणते तेल चोळतात याची चर्चा ब्रह्मपुरीच्या बाजारात झाली, असे तुमच्या लेकीने, गोकुळाबाईंनी, कळवले आहे.

आत्याबाई, तुम्ही रागावून लेकीकडे गेलात त्याला साडेचार महिने झाले. शिवरात्रीला जे झाले ते मी उकरून काढत नाही. मार्कंडेश्वराला जाताना दुसऱ्या नाल्यापुढच्या चढावर तुम्ही खाली राहिलात, फटफटी वर गेली, आणि तुमचे चिरंजीव तुमच्याशी बोलत बोलत दोन मैल पुढे निघून गेले, एवढेच. ते अजून म्हणतात, "मी इचारलं ना, माय, बराबर बसली का? माय बोलली नाई. मले वाटलं, जप करून राह्यली." चूक त्यांची आहेच, पण ती भाबडी आहे.

मला घोर आहे तो नवसाचा. "माह्या पोराले सोताचं वाहन येऊ दे देवा, त्याच वाहनावर बसून शिवरातीले तुया दारी येईन," असे तुम्ही बोललात तेव्हा हे सातवीत होते. तुमच्या मनात रेंगी होती आणि दोन पांढरे बैल होते. देवाने फटफटी दिली. आता देवाने दिलेले परत करता येत नाही आणि बोललेला नवस बदलता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवले आहे. अर्ध्या वाटेतून परतलेला नवस घरात ठेवून मला घास गिळत नाही.

दोष सगळा बैठकीचा आहे. मागे नुसते लोखंडी कॅरिअर आणि वर घडी घातलेले गोणपाट. ज्या नागपूरच्या ठेकेदाराकडून गाडी घेतली, त्याने मागची गादी पार्सलाने पाठवतो म्हणून सांगितले होते. ती काही आली नाही. (भाऊजी, या वाक्यावर फार जोर देऊ नये.)

आणि त्या कॅरिअरची खोडही तुम्हाला ठाऊक आहे. हे सरकारी माशांचे बी तळ्याबोड्यांत सोडायला नेतात, ती मडकी त्याच्यावरच बांधतात. मामंजी कावडीतून बी नेत तेव्हा वाटेत टेकले तरी मडके हलवत बसत, कारण पाणी स्थिर झाले की पिल्ले गुदमरतात. आता हलवावे लागत नाही. त्या कॅरिअरवर पाणी इतके उसळते की शंभरातली नव्वद पिल्ले नाचत पोचतात. साहेबांनी शाबासकी दिली. म्हणजे जी बैठक मासोळीला मानवते तिच्यावर आम्ही तुम्हाला बसवले.

म्हणून आता मी स्वतः नवी बैठक केली आहे. जाड गोणीत धानाची तणस ठासून भरली आणि सुतळीने चौफेर शिवली. चांगली वीतभर उंच झाली आहे. ती पसंत आहे असे दोन ओळींत कळवले तर हे घ्यायला येतील.

तुमची जाळे विणायची सुई देव्हाऱ्याशेजारी जशी ठेवून गेलात तशीच आहे. मी फक्त पुसते.

तुमची
प्रेमिला


गडचिरोली
ता. २७ ऑगस्ट १९५७

ती. आत्याबाई, पायांवर डोके.

तुमचे उत्तर मिळाले. उमाजीभाऊजींनी ते जसेच्या तसे लिहिले हे बरेच झाले. "तनसावर बैल बसते, माणूस नाई. उद्या तेच बैल ते गादी खाऊन टाकीन, तवा सांगजो," असे तुम्ही म्हणालात. मी वाचून थोडी नाराज झाले होते. आता नाही, कारण परवा पोळा झाला.

फटफटी हेच आपले वाहन, तेव्हा तिलाही बैलांच्या रांगेत उभे करावे असे यांच्या मनात आले. मीही हळदीकुंकू वाहिले, दिव्याला झेंडूची माळ घातली. तोरणाखाली एका बाजूला आपली फटफटी, शेजारी इस्तारी सुताराचा बैल. लोक म्हणाले, "केवळरामभाऊ, याचे शिंगं कुठी रंगवाचे?" हेही हसले. तोवर बैलाने मागच्या मागे गादीला तोंड घातले होते.

मी धावले. हातात पूजेचे ताट होते, नाहीतर दुसरे काही असते. इस्तारीने मलाच अडवले. "खाऊ द्या वो बाई. आजच्या दिवशी त्याले नाई म्हणाल तं पाप लागन."

"अरे, पण ती सासूबाईंची बैठक आहे."

"मंग त्याहिलेच पुण्य."

पोळ्याच्या दिवशी बैलाला हाकलणारी सून गावाने पाहिली असती. मी दोन्ही हात जोडून उभी राहिले आणि तो माझ्या महिनाभराच्या शिलाईतून एकेक काडी ओढून चघळत राहिला. सुतळीसुद्धा सोडली नाही. शेवटी इस्तारी बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाई, तुमच्या हाताले गोडी हाय."

मात्र माणूस भला. बैलाने खाल्ले त्याचे ऋण आपल्यावर चढले असे म्हणून त्याने पाय ठेवायला सागाची फळी करून दिली, आणि लुगडे चाकात जाऊ नये म्हणून एका बाजूला बांबूच्या कामट्यांची जाळीही बसवली. मागच्या वेळी तुमचे पाय लोंबकळत होते. आता पाटावर ठेवल्यासारखे राहतील.

राहता राहिली गादी. इंदिराबाई मास्तरणीकडे सावरीचा कापूस आहे. बैल कापूस खात नाहीत, मी चौकशी केली आहे.

तुमची
प्रेमिला


गडचिरोली
ता. २३ सप्टेंबर १९५७

ती. आत्याबाई, पायांवर डोके. हे पत्र सोमवारचा उपास धरून लिहिते आहे. लागोपाठ तिसरा सोमवार. कारण पुढे येते.

सावरीची गादी झाली. हात ठेवला की कोपरापर्यंत आत जातो इतकी मऊ. हे दौऱ्याहून आले ते थेट तिच्यावर बसले, डोळे मिटून म्हणाले, "माय आता म्हणन, घरी नाई येत, इथीच राहतो."

दुसऱ्या दिवशी यांना बी घेऊन दूरच्या बोडीवर जायचे होते. गादी सोडायचे राहून गेले. मडकी तिच्यावरच बांधली आणि निघाले. संध्याकाळी परत आले ते चेहरा पाडून. अंगणात उभे राहून म्हणाले, "गादी एक नंबर झाली."

मला वाटले, दमले आहेत. मी म्हटले, "मग तोंड असे का?"

"पाणी हाललंच नाई ना. दोन्ही मडक्यातले सारे मेले."

आत्याबाई, इतके जीव माझ्या शिवणकामाने गेले. तुमच्या घराण्यात सून होऊन आले आणि मासोळीच्या पिल्लाला मऊ बिछान्यावर निजवून मारले. सोमवार धरले ते यासाठीच. बोडीवरचा पोचू ढीवर यांना म्हणाला म्हणे, "तुमचा बाप पायी आणे तं जित्ते आणे." साहेबांनीही लेखी खुलासा मागितला आहे. त्यात "पत्नीने केलेल्या गादीमुळे" असे लिहू नका म्हणून मी हात जोडले. यांनी "रस्ता सुधारल्यामुळे" असे लिहिले. साहेब तो रस्ता पाहून आलेले आहेत, त्यामुळे काय होईल ते होईल.

पण विचार केला तर परीक्षा झाली. पिल्ले जगली तर बैठक माणसाला वाईट, पिल्ले मेली तर उत्तम. इतकी पक्की कसोटी कुठल्या गादीला लागली नसेल. आता घरात नियम केला आहे. माशांच्या दिवशी लोखंड, माणसांच्या दिवशी गादी.

तुम्ही या. गादी पापाची आहे असे मनात आणू नका, मी तिच्यावर गोमूत्र शिंपडले आहे.

तुमची
प्रेमिला


गडचिरोली
ता. १० नोव्हेंबर १९५७

ती. आत्याबाई, पायांवर डोके.

तुमचा निरोप मिळाला. "मऊ गादीवर म्हातारं माणूस घसरते. मले पाठीले टेका पाह्यजे, कोरटातल्या सायबासारका." बरोबर आहे, हे मला सुचायला हवे होते. मी लगेच बुरडाकडून हातांची आणि पाठीची बांबूची खुर्ची करून घेतली. इस्तारीने ती कॅरिअरवर आवळली, वर सावरीची गादी ठेवली. आता आधी कुणाला तरी बसवून पाहायचे होते. मी बसणार होते, पण त्या दिवशी पापड घातले होते. (भाऊजी, हे खरे आहे. पापड घातले होते.)

शेजारच्या सुगंधाबाई तयार झाल्या. त्यांना बाजारात जायचेच होते. पण भिऊन अर्ध्या झाल्या होत्या. "मी बसतो वो, पण डोळे नाई उघडत." मळमळू नये म्हणून एका हातात लिंबू घेतला, दुसऱ्या हातात कडुनिंबाची डहाळी. कपाळावर नेहमीचे रुपयाएवढे कुंकू, अंगावर हिरवे लुगडे. पडू नयेत म्हणून मीच त्यांना खुर्चीला लाल धडप्याने बांधले.

आत्याबाई, मला त्या वेळी दिसले नाही, पण बाजाराला दिसले. उंच आसनावर बसलेली, डोळे मिटलेली, हातात लिंबू-निंब आणि अंगाला थरथर. रविवारचा बाजार. पहिल्याच वळणावर एका बाईने पदर पसरला, दुसरीने चाकापुढे पाणी ओतले. एकाने पुढच्या चाकासमोर नारळ फोडला. हे ओरडून सांगत होते, "अरे, सुगंधाबाई होय ते!" पण फटफटीच्या आवाजात कोण ऐकतो? एक म्हातारा हात जोडून आडवाच झाला. "माय, चार दिस झाले, माही म्हैस हरपली. कवा येईन?"

सुगंधाबाई डोळे न उघडता किंचाळल्या, "घरी सोडा वो मले, घरी!"

म्हातारा घरी गेला. म्हैस गोठ्यात उभी होती.

आता दर मंगळवारी सुगंधाबाईंच्या दारात दोन-चार बाया बसलेल्या असतात. सुगंधाबाई माझ्याशी अजून नीट बोलतात, पण विहिरीवर माझ्या आधी घागर भरतात आणि मी काही म्हणत नाही. देवाची थट्टा आपल्या हातून नको, म्हणून खुर्ची उतरवून माळ्यावर ठेवली आहे.

पण आत्याबाई, एवढ्या गर्दीत त्या पडल्या नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

तुमची
प्रेमिला


गडचिरोली
ता. १७ जानेवारी १९५८

ती. आत्याबाई,

संक्रांतीचा तिळगूळ भाऊजींच्या नावाने पाठवला आहे. तुम्ही घ्याल की नाही ते माहीत नाही.

तुमचे पत्र हे घरी असताना आले आणि मी थांबवायच्या आत यांनी वाचले. "सुगंधाले देवी केलं, मले नाल्यात टाकलं. मी आता येत नाई. नवस तसाच राहू द्या. मेल्यावर देवाले मीच सांगीन, माह्या पोरापाशी मायसाठी गोणपाटच होतं."

यांनी पत्राची घडी घातली. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "राजुऱ्याचा एक दुकानदार गाडी मागून राह्यला. शिवरातीच्या आंधी देऊन टाकतो. ज्या गाडीपायी माय गेली, ते कायले ठेवाची?"

गाडी गेली की नवस गेला. दुसरे वाहन या पगारात आमच्या जन्मात होत नाही. आणि तुम्ही "पोराच्या वाहनावर" असे बोलून बसला आहात. म्हणून आता लिहिते.

भाऊजी, इथून पुढचे ओसरीवर नको. आत्याबाईंना आतल्या खोलीत न्या, दार लावा, हळू वाचा, आणि वाचून झाल्यावर विसरून जा.

आत्याबाई, नागपूरच्या त्या माणसाने गादी पाठवली होती. शिवरात्रीच्या आठ दिवस आधी ती मोटारीने आली. हे दौऱ्यावर होते. मी सही करून घेतली. उघडली तर काय सांगू! काळीभोर, खाली पोलादी स्प्रिंगा, बोट दाबले की खाली जाऊन परत वर येणारी. इतकी सुंदर वस्तू आपल्या घरात पूर्वी कधी आली नव्हती. ही अंगणात, उन्हात, माशांच्या पाण्याखाली ठेवायची? माझा जीव धजेना. मलमलीच्या फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून, माझ्या लग्नातल्या पेटीत ठेवली. यांना शिवरात्रीच्या सकाळी एकदम दाखवायची असे ठरवले होते. खरोखर ठरवले होते.

त्या सकाळी पेटी उघडली. बाहेर धुळीचा वारा सुटला होता. मला वाटले, पहिल्याच दिवशी लाल मातीने माखेल. आत्याबाई काय, त्या पाट्यावरही बसतात, चोवीस मैल काढतील. गुढीपाडव्याला काढू. आणि पेटी बंद केली.

मग तुम्ही पडलात. मग बोलायची सोय राहिली नाही. हे त्या माणसाला "बेइमान" म्हणत, मी ऐकून घेई. यांनी त्याला तीन रागाची पत्रे लिहिली आणि टाकायला माझ्याकडे दिली. तीही पेटीत आहेत, गादीच्या खाली. वर्षभर मी तणस शिवली, कापूस भरला, मासोळ्या मारल्या, सुगंधाबाईंची देवी केली, पण गादी पेटीबाहेर काढली नाही.

गोणपाटावर तुम्हाला तुमच्या मुलाने बसवले नाही. मी बसवले. शिक्षा तुम्ही द्या. फक्त गाडी विकली जायच्या आत द्या.

प्रेमिला


गडचिरोली
ता. ३ फेब्रुवारी १९५८

ती. आत्याबाई, पायांवर डोके.

बारा दिवस वाट पाहिली. मग तुमचे कार्ड आले. त्यावर एवढेच होते, "तू गोणपाटावर बसून मले घ्याले ये. गादी मांडीवर घेऊन ये. मंग पाहू."

कबूल आहे.

यांनाही सांगितले. आधी पेटी उघडून दाखवली, म्हणजे बोलायला कमी लागेल. हे गादीकडे पाहत राहिले, मग पत्रांकडे. मग खाली बसले. मला वाटले आता काय म्हणतात. म्हणाले, "म्हणजे तो बिचारा खरा होता, अन् मी सालभर त्याच्या सात पिढ्या काढून राह्यलो?" थोड्या वेळाने गादीवर बोट दाबले. ती वर आली. पुन्हा दाबले. पुन्हा वर आली. मग हसू लागले, आणि डोळे पुसत पुसत म्हणाले, "पण चीज बाकी जपून ठेवली तुनं." नागपूरला क्षमेचे पत्र लिहिले. हे चौथे पत्र मी खरोखर डब्यात टाकले. राजुऱ्याच्या दुकानदाराला शिवरात्रीपर्यंत थांबायला सांगितले आहे. पुढचे तुमच्या हाती.

आत्याबाई, एक कबुली राहिली. मी त्या फटफटीवर आजवर एकदाही बसलेले नाही. पापड खरे होते, पण पापड नसते तरी मी बसले नसते. मला तिची फार भीती वाटते.

येत्या शनिवारी निघतो. पस्तीस मैल. खाली गोणपाट, मांडीवर गादी, मुखी देवाचे नाव. मी पोचले तर तुम्ही माझे ऐकाल अशी आशा आहे. न पोचले तर तुमची जाळ्याची सुई देव्हाऱ्याशेजारी आहे, आणि चिंच कोनाड्यातल्या बरणीत.

तुमची
प्रेमिला


गडचिरोली
ता. २० फेब्रुवारी १९५८

सौ. गोकुळाबाई, प्रेमिलाचा नमस्कार.

आज मी फक्त लेखणी आहे. आत्याबाई समोर बसून जाळे विणत सांगतात, मी लिहिते. "मी बोलतो तसंच लिह्य, तुह्या शाळेतलं नोको करू," अशी आज्ञा आहे. कंस तेवढे माझे.

"गोकुळा, नवस फिटला व माय. तुही वयनी तुह्या घरी कशी उतरली ते तं तुनं पाह्यलंच. पाय फाकून चाले, जशी बदक. दोन दिस उभ्यानं जेवली. पण गादीले डाग नाई लागू देल्ला. म्हणून मी आली तिच्यासंगं.

"शिवरातीले पहाटेस निंगालो. खाली ते इस्प्रिंगची गादी, पाय फळीवर, लुगड्याले कामट्याची जाळी. पण मी म्हणलं, केवळराम, तुह्या कानाचा भरवसा नाई मले. जाळ्याची दोरी घेतली, एक टोक त्याच्या कमरपट्ट्याले, एक माह्या मनगटाले. एक झटका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. गळाले मासोळी लागली का दोरी जशी बोलते, तशी. मंग काय, म्हणशीन तं पालखी! आंबील पेली असती तं सांडली नसती.

"मंग तो दुसऱ्या नाल्याचा चढ आला. फटफटी कण्हाले लागली. मले राहवलं नाई. दोन झटके देल्ले अन् उतरली. केवळराम भेला. म्हणे, माय, गादी टोचते का? म्हणलं, नाई बापा, लोण्यावाणी हाय. म्हणे, मंग काऊन उतरली? म्हणलं, चढ हाय ना. चढावर जनावरावर ओझं टाकत नाई. तुह्या बापाच्या रेंगीतून मी जलमभर चढावर उतरली. मागच्या सालीही उतरलीच होती."

(इथे लेखणी थांबली. मी विचारले, "आत्याबाई, उतरला होतात? पडला नव्हतात?"

"पडीन कायले? एवढुशी होती तवापासून चालत्या रेंगीतून उतरून राह्यली मी. चार पावलं चालायचं अन् चढ सरला का पुन्हा धरायचं. आता हे बिनबैलाचं जनावर थांबतच नाई, हे मले कोणं सांगतलं होतं? पाय मुरगळला, बसली बांधावर. लोकं जमले, म्हणाले म्हातारी पडली. मी काय सांगू, मीच उतरली म्हणून? हासले असते ना!"

"आणि मी वर्षभर तणस, कापूस, खुर्ची..."

"मी नाई म्हणलं होतं बनव म्हणून. अन् तू काऊन बोलून राह्यली? पेटीत काय होतं तुह्या?"

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की यांनी बाहेरून विचारले, काय झाले. दोघींनीही सांगितले नाही.)

"मंग त्यानं मशीन बंद केलं. तो ढकले, मी बाजूनं दोरी धरून चालो. जत्रेतले लोकं हासत. हासू द्या. म्हणलं, माहं पोरगं हाय, माहं जनावर हाय. वर गेल्यावर बसली पुन्हा. देवाच्या दारापर्यंत बसून गेली. नवसात चढाचं बोलली नव्हती मी, अन् देवाले रेंगीची रीत माहीत हाय.

"गाडी इकत नाई म्हणते आता केवळराम. राजुऱ्यावाल्याले नाई म्हणून सांगून देल्लं. अन् हे चढाचं तू लिह्यलं तं नाई ना व?"

(भाऊजी, हे एव्हाना तुम्ही वाचून बसला असाल. वर जे चढाचे आहे ते सगळे कंसात आहे असे समजावे आणि ओसरीवर बोलू नये. मी आत्याबाईंना "नाही लिहिले" असे सांगितले आहे. एक सोमवार वाढला.)

एवढे सांगून त्यांनी सुई खाली ठेवली आणि अंगणात गेल्या. फटफटीभोवती एक फेरी घातली, गादीवरून हात फिरवला, बोटाला लागलेली लाल माती पाहिली, आणि मला हाक मारली.

"प्रेमिला, किती धूळ बसली व यावर! इतकी चांगली चीज अशी उघड्यावर ठेवते का कोणी? काढ ते. फडक्यात गुंडाळ. पुढच्या शिवरातीले काढू."

"आणि मधे कुणाला बसायचे असेल तर?"

"गोणपाट हाय ना."

गादी पुसून, नवा पाला घालून पुन्हा पेटीत ठेवली आहे. किल्ली मात्र आता त्यांच्या कमरेला असते.

तुमची
प्रेमिला